‘येते’ म्हणून गेलेली

दादा माझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्यासोबत कपड्यांच्या दोन पिशव्या, ऑक्सिजनचं एक मशीन आणि एक जुनं भांडण आलं. पिशव्या कपाटात गेल्या, मशीन पलंगाशेजारी घरघरत बसलं आणि भांडण दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर सुरू झालं. लहानपणी बाबा आम्हाला एक पुस्तक वाचून दाखवायचे. त्यातली मुलगी शेवटी घरी परत येते, असं दादाचं म्हणणं. येत नाही, असं माझं. साठ वर्षं झाली, दोघंही तसूभर हललेलो नाही.

मी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका काढायचा पगार मिळायचा, आणि पगार थांबला तरी सवय काही थांबली नाही. औषधाच्या बाटलीवरचं शुद्धलेखनसुद्धा मी मनातल्या मनात दुरुस्त करते. दादाने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. अशी दोन माणसं एका खोलीत आल्यावर चूक कोणाची हा प्रश्न हसण्यावारी जाणं शक्यच नव्हतं.

गोष्ट अशी होती. एका बाईची झोप एक घुबड चोरून नेतं. बाई दिवसरात्र टक्क जागी. मग तिची मुलगी निघते, दारात ‘येते’ म्हणते आणि घुबडांच्या गावाला जाते. तिथे चोरून आणलेल्या झोपा गच्च्यांवर गाद्यांसारख्या उन्हात वाळत घातलेल्या असतात. त्यातली आईची कुठली, हे तिला वासावरून ओळखायचं असतं. ती ओळखते, गुंडाळी करून काखेत मारते आणि पळत सुटते. वाटेत नदी लागते. ती पाण्यात पाय टाकते. इथपर्यंत आमचं एकमत होतं.

पुढे माझ्या आठवणीत ती पाण्यात शिरली की नावेतला मुलगा होते. बाबा तसंच वाचायचे: ‘आणि ती मुलगी नावेतला मुलगा झाली.’ मग तो मुलगा नाव वल्हवत मिठाच्या बेटावर जातो. तिथली घरं मिठाची, भिंती चाटून चाटून लोकांनी खिडक्या पाडलेल्या. तो बेटावर हिंडत राहतो, आणि मग बाबा पुस्तक मिटून म्हणायचे, ‘झोपा आता.’ दादा मात्र ना नाव मानायचा, ना मीठ. मुलगी नदी ओलांडते, आपल्या गल्लीत येते, दार वाजवते. आतून आई विचारते, ‘कोण?’ आणि ती म्हणते, ‘आले.’

‘मुलीचा मुलगा कसा होईल गं, चिमे?’ दादा म्हणायचा. चिमी मीच. बासष्टी उलटली तरी त्याच्यासाठी चिमीच. मी विचारायची, घुबड झोप चोरतं ते बरं चालतं तुला. मग त्याला खोकला यायचा आणि मुद्दा तिथेच राहायचा.

पुस्तक समोर असतं तर भांडण केव्हाच मिटलं असतं. पण ते एका घरबदलीत हरवलं, आणि त्याचं नाव विचारावं तर त्याला नावच नव्हतं. बाबा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होते. छापखान्यातून सोळा-सोळा पानांच्या घड्या यायच्या, त्याला फर्मा म्हणतात. शाई पुसट उठलेले किंवा डाग पडलेले फर्मे बाजूला काढत. ते बाबा घरी आणायचे, शिवायचे आणि उरल्यासुरल्या कापडाचा पुठ्ठा चढवायचे. पुठ्ठ्यावर नाव छापणं हे काही त्यांचं काम नव्हतं, आणि आतलं नावाचं पान वेगळं छापलेलं असे, ते फर्म्यांसोबत येत नसे. त्यामुळे आमच्या घरात लाल पुस्तक होतं, निळं पुस्तक होतं, तेल सांडलेलं पुस्तक होतं. हे निळं.

फर्म्याच्या पहिल्या पानाच्या अगदी तळाशी एक बारीक आकडा असतो. शिवणाऱ्याने क्रम चुकवू नये म्हणून. बाबांनी आम्हाला शाळेच्या आधी तो आकडा बघायला शिकवलं होतं, आणि मी मोजायला शिकले ती निळ्या पुस्तकाच्या पायथ्याशी. पाहुणे आले की दादा मला उभं करायचा आणि मोज म्हणायचा. मी घडाघडा म्हणायची: एक, दोन, तीन, चार, तीन, चार, संपले. सगळे पोट धरून हसायचे. हिच्या उजळणीत पाचाला जागाच नाही, असं मामा म्हणायचे. शाळेत बाईंच्या हाताखाली गेल्यावर माझे पाच आणि सहा सापडले, पण चेष्टा काही सरली नाही. माझ्या लग्नातसुद्धा दादाने ती उजळणी म्हणून दाखवली होती.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यावाचून यातलं काहीच कळणार नाही. आम्ही तिघं होतो. ताई थोरली, मग दादा, मग मी. मी तीन वर्षांची असताना ताईला ताप आला आणि तिला दवाखान्यात नेलं. ती स्वतःच्या पायांनी चालत गेली म्हणे, बूट घालून, आणि दारात आईकडे वळून म्हणाली, ‘येते.’ आपल्याकडे निघणारं माणूस जाते म्हणत नाही, येते म्हणतं. तीही तसंच म्हणाली, आणि आली नाही. आईने त्यानंतर कित्येक वर्षं दाराला आतून कडी लावू दिली नाही. बाबा रोज दार नुसतं लोटून घ्यायचे. घरात ताईचं नाव कोणी काढत नसे. मला ती आठवत नाही. एक रिबीन आठवते, तीही कोणाची होती कोण जाणे.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून दादाचे थोडे दिवस राहिलेत असं सांगितलं. आत आले तर दादाच विचारतो, ‘किती म्हणाले?’ त्याच्यापाशी लपवाछपवी चालायची नाही. मी खरं ते सांगितलं. त्याने मान हलवली. लोकांची सगळी घड्याळं परत देऊन झाली होती, दुकानाचं शटर खाली ओढलेलं होतं, वहिनी आधीच गेलेली. तेवढं पुस्तक शोध, म्हणाला.

माझ्या नाकावर रागच असतो. मी म्हटलं, या वयात पोरांच्या पुस्तकाचं काय घेऊन बसलास. तेव्हा त्याने मास्क खाली ओढला आणि एका दमात न जमणारं बोलणं दम घेत घेत सांगितलं.

‘मला लख्ख आठवत होतं की ती घरी येते. ताई गेल्यावर बाबांनी पुन्हा वाचायला घेतलं तर ती येईनाच. मी विचारलं, तर म्हणाले, तसं काही नाहीये त्यात, तुला दुसरंच काही आठवतंय. मी तेव्हा सात वर्षांचा. तेव्हापासून मला ताईचं जे काही आठवतं ना, ते खरं की मीच रचलेलं, मला सांगता येत नाही. ती मुलगी घरी आली असेल तर माझं बाकीचंही खरं आहे.’

मग मी शोधायला लागले.

माझी लेक ऑफिसात काम करते आणि जगातली प्रत्येक गोष्ट फोनवर सापडते असं तिचं मत आहे. तिने विसरलेली पुस्तकं ओळखून देणाऱ्या एका गटावर सगळी हकिकत टाकली. उत्तरांचा पाऊस पडला, पण कामाचं एक नाही. कोणी लिहिलं, घुबड आठवत नाही पण आमच्या पुस्तकात वटवाघूळ होतं, चालेल का. कोणाला मिठावरून आपल्या आजोळची आठवण आली आणि त्यांनी ती सविस्तर लिहिली. एक बाई ठामपणे म्हणाल्या की असं पुस्तक नाहीच, तुम्ही दोन गोष्टींची खिचडी केली आहे. मला त्या बाईंचा राग आला. इतकं अचूक बोलल्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवे होते, पण ते तेव्हा कुठे माहीत होतं?

मी ग्रंथालयात गेले. तिथल्या बाईंनी बालविभागाचं कपाट उघडून दिलं आणि स्वतः जेवायला गेल्या. दोन दुपारी मी धूळ खाल्ली. घुबडं पुष्कळ भेटली, सगळी शहाणी, चोर एकही नाही. छापखान्यातल्या जुन्या माणसांना फोन केले. जे हयात होते त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि ज्यांना ऐकू येत होतं ते माझ्याहून लहान निघाले. रोज संध्याकाळी मी रिकाम्या हाताने घरी यायची आणि दादा माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचा. दिवसागणिक त्याचे गाल आत चालले होते. मशीनचा काटा लेकीने आणखी एका रेघेने वर नेला होता.

अशात त्या गटावर एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं उत्तर आलं. पुस्तक माझ्याकडे आहे, त्यांनी लिहिलं होतं, पण तुमची नाव आणि मीठ त्यात नाही. हे असं चूक दाखवत गुरुजींनीच लिहावं. त्यांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी बस बदलत पोहोचले.

गुरुजींच्या बैठकीत बसायला जागा नव्हती, सगळीकडे मुलांची पुस्तकं. त्यांनी खुर्चीवरचा ढीग उचलून पलंगावर ठेवला आणि मला बसवलं. पुस्तक आधीच काढून ठेवलं होतं. पातळसं, पिवळं पडलेलं, वर नाव: ‘घुबडगावची झोप’. नाव वाचून मला काहीच झालं नाही, कारण ते मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. पण पहिलं पान उघडलं मात्र. बाबांचा आवाज त्या ओळींत जसाच्या तसा होता. गच्च्या, वाळत घातलेल्या झोपा, वास. मी भराभर पुढे गेले. नदी आली. चौसष्टाव्या पानाची शेवटची ओळ होती, ‘तिने पाण्यात पाय टाकला आणि’.

मी समोरच्या पानावर गेले. ‘गुंडाळी डोक्यावर घेऊन ती पलीकडे निघाली.’ नाव नाही, मुलगा नाही. आणि पानाच्या अगदी तळाशी, बारीक, एक आकडा. पाच.

मी त्या पाचाकडे बघत राहिले. नंतर सोळा पानं मोजून उलटली. सहा. मग पुस्तक संपत होतं.

एक, दोन, तीन, चार, तीन, चार, संपले. माझी उजळणी चुकली नव्हती. मी जे दिसलं तेच मोजलं होतं. आमच्या निळ्या पुस्तकातले पाचवा आणि सहावा हे दोन फर्मे कोणीतरी काढले होते आणि त्या जागी दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकाचे तिसरा-चौथा शिवले होते. बांधणीवाल्याच्या लेकीला कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगावं लागत नाही. चुकून झालं असेल म्हणावं तर बाबांच्या हातून फर्मा कधी चुकला नाही. आमच्या घरी क्रम चुकणं म्हणजे दुधात मीठ पडणं. म्हणूनच तर तो आकडा तपासून पाहावा, असं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही.

गुरुजींनी पाणी आणून दिलं आणि बरं वाटत नाहीये का विचारलं. मी म्हटलं, शेवटचं पान वाचते आणि जाते. वाचलं. दादा शब्दाशब्दाने बरोबर होता. पुस्तक आणि छत्री मी कोणाला देत नाही असं गुरुजी आल्या आल्या मला म्हणाले होते. पण मी उठले तेव्हा त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलं. कधीही आणा, पण परत आणा, एवढंच म्हणाले.

बसमध्ये मला आधी बाबांचा राग आला. सात वर्षांच्या पोराला, ज्याची बहीण नुकतीच गेली आहे, त्याला तोंडावर सांगायचं की तुला चुकीचं आठवतंय? मग हळूहळू दुसरं एक आठवायला लागलं, जे मला आठवतंय हेच मला माहीत नव्हतं. बाबा बाहेरच्या खोलीत वाचायचे आणि आई आत भांडी घासायची. गोष्ट नदीपाशी आली की आतली भांडी थांबायची. बाबाही थांबायचे. मग ते सांधा जुळवत म्हणायचे, आणि ती मुलगी नावेतला मुलगा झाली. क्षणभराने आत पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा.

आम्ही पोरं तेच पुस्तक मागत असणार, रोज, हट्टाने. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. आणि वाचावं तर आईच्या कानावर दार वाजणार, आतून ‘कोण’ म्हणणार आणि बाहेरून ‘आले’ येणार. बाबांना जे एकच काम येत होतं ते त्यांनी केलं. टाके उसवले, दोन फर्मे काढले, हाताशी होते ते दोन शिवले. मी खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारच्या बाईने सरकून मला जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक कामावर गेलेली असताना मी दादाला ते वाचून दाखवलं. सुरुवातीपासून नको, नदीपासून वाच, म्हणाला. मी वाचलं. ती नदी ओलांडते, गल्लीत येते, कुत्रं भुंकतं आणि ओळखून गप्प होतं, ती दार वाजवते. ‘कोण?’ मुद्रितं तपासणारीने अडखळू नये, पण अडखळले. दादाने डोळे मिटलेले होते. पुढचा शब्द त्यानेच म्हटला, ‘आले.’

मला वाटलं होतं, आता साठ वर्षांची बढाई ऐकावी लागणार. पण बढाई आलीच नाही. मग मी त्याला फर्म्यांचं सांगितलं. तीन-चार, तीन-चार. तो हसायला लागला आणि खोकल्याने लाल होईपर्यंत हसला.

‘म्हणजे तुझी उजळणी बरोबर होती की गं. आणि आम्ही लग्नातसुद्धा हसलो.’

मी म्हटलं, तूही बरोबर होतास. आईला ठाऊक असेल का, असं त्याने विचारलं. मी भांड्यांचं सांगितलं. बाबांबद्दल तो वाईट बोलेल असं वाटलं होतं, पण तो एवढंच म्हणाला की टाके फार बेमालूम घातले होते, पुस्तक कधी मध्येच उघडून पडलं नाही.

मग त्या दुपारी, मास्क वर-खाली करत, त्याने मला ताई सांगितली. ती रिबिनीचं टोक चावायची, त्यामुळे ते कायम ओलं असायचं. दादाला ती ठोंब्या म्हणायची. झोपेत त्याच्या अंगावर पाय टाकायची आणि सकाळी तोच लाथा मारतो म्हणून कांगावा करायची. मला कडेवर घेऊन ती घरभर फिरायची आणि माझे पाय जमिनीला टेकायचे, इतकी ती स्वतः लहानखुरी. हे सगळं तो साठ वर्षं खोटं असेल म्हणून गप्प बसून होता. मला एका दुपारी बहीण मिळाली, आणि ती मिळाल्यावर ती गेल्याचं दुःखही त्याच दुपारी झालं. एवढ्या उशिरा एवढं ताजं दुःख कुठे ठेवायचं हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर त्याने पुस्तक पुन्हा मागितलं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याचा श्वास मशीनला ऐकेना. गाडी बोलावली. दोन माणसं खुर्ची घेऊन वर आली, त्याला बसवलं, पट्टा लावला. लेक फाइल आणि चादर घेऊन पुढे जिना उतरली. दारातून खुर्ची वळवताना त्याने हाताने थांबायची खूण केली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘जातो, चिमे.’

माझी जन्माची सवय. मी म्हटलं, ‘जातो म्हणू नये. येतो म्हण.’

त्याने मास्क खाली ओढला. ‘नको. येतो म्हटलं की कोणीतरी दाराशी कान लावून बसतं. जातो.’

त्याने तो आठवडा कसाबसा काढला, दवाखान्यातच. मी रोज जात होते, पण बोलणं असं ते दारातलंच शेवटचं. सगळं आटोपल्यावर मी गुरुजींचं पुस्तक परत देऊन आले. सापडला का शेवट, त्यांनी विचारलं. सापडला म्हटलं आणि पुढची बस पकडली.

हल्ली लेक ऑफिसातून आली की माझ्यावर रागावते. दार नुसतं लोटलेलं असतं, आतून कडी नसते. दिवस कसले आहेत, असं कसं उघडं टाकतेस म्हणते. परवा ती चिडून म्हणाली, ‘कोण यायचंय आता?’ आणि बोलून गेल्यावर तिलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, कोणी नाही गं, राहून जाते कडी लावायची.